चाव्या वाढत गेल्या

लग्न होऊन सांगलीच्या पूर्वेकडच्या त्या गावात गेले, तेव्हा पाण्याचा विचार करायचा असतो हेच मला माहीत नव्हतं. माझं माहेर वाईचं. घाटाजवळ वडिलांचं पूजेच्या सामानाचं छोटं दुकान, नदी दाराशी. सासरी मात्र बायका भेटल्या की आधी पाण्याचं विचारायच्या, मग पोराबाळांचं. नवरा फौजेत. रजा संपवून तो गेला आणि घरात आम्ही तिघी उरलो: सासूबाई, थोरल्या जाऊबाई आणि मी. थोरले दीरही फौजेतच. आमच्या आळीत बहुतेक घरांची हीच तऱ्हा. पुरुष एक तर सीमेवर, नाहीतर निवृत्त होऊन पुण्याला रखवालदारीला.

माझं बोलणं वाईचं. "पुस्तकातलं वाचल्यागत बोलती," असं बायका माझ्यामागे म्हणायच्या. जाऊबाई तेवढ्या माझ्या होत्या. दुपारी भांडी झाली की आम्ही दोघी परड्यात लिंबाखाली बसायचो. बोलायचो काही नाही विशेष. पण ती दुपार असायची म्हणून मी त्या घरात टिकले.

गावापासून थोड्या अंतरावर कालवा होता. त्यातून आमच्याकडे येणाऱ्या पाटाला चारी म्हणायचे, आणि चारीच्या तोंडाला लोखंडी गेट होतं. कालव्याला पाणी सुटलं की वरच्या गावांचा ऊस आधी भिजायचा. आम्ही टेलचे, म्हणजे शेवटाकडचे. आमची पाळी यायच्या आत कालवा आटायचा. आमच्या हिश्शाचं पाणी होतं, सगळे तसं म्हणायचे, पण गेट उघडायची चावी पाटबंधारे खात्याच्या पाटकऱ्याकडे. ही चावी कुलपाची नव्हे. लोखंडी दांडा, वर आडवी मूठ आणि खाली चौकोनी खोबण. ती गेटच्या स्क्रूवर बसवायची आणि फिरवायची, मग गेट वर उचललं जायचं.

पाटकरी वाईट माणूस नव्हता. आमच्या ओट्यावर चहा पिऊन जायचा. "वरनं सांगावा आल्याबिगर मला उघडता येत न्हाई, वैनी," एवढंच म्हणायचा. वरून सांगावा कधी यायचा नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या विहिरीत घागर बुडेना, आणि कालवा मात्र काठोकाठ भरून वाहत होता. जाऊबाई एक दिवस म्हणाल्या, "चावीच तर पायजे न्हवं? करून घिऊ की." त्या हसत म्हणाल्या होत्या. मी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी कणकेचा घट्ट गोळा पदरात घेऊन गेटवर गेले आणि स्क्रूच्या टोकावर दाबून ठसा घेतला. आमचे धाकटे चुलत दीर कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. सुट्टीच्या दिवशी ते मोटरसायकलवरून गावी आले, तेव्हा तो ठसा मी त्यांच्या हातात ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वैनी, तुमी वाईच्या न्हाई, चंबळच्या हाय."

पुढच्या खेपेला चावी आली. ती धुण्याच्या बोचक्यात बांधून आम्ही दोघी भर उन्हात कालव्यावर गेलो. दोन बायका धुणं घेऊन चालल्यात म्हणून कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. पाटकरी जेवून झाडाखाली आडवा झाला होता. जाऊबाईंनी आणि मी मूठ धरून जोर लावला. आधी काहीच हललं नाही. मग स्क्रू करकरला आणि गेटाखालून पाणी असं बाहेर आलं, की जाऊबाई घाबरून माझ्या दंडाला लटकल्या. पाणी चारीतून वळण घेऊन गावाकडे गेलं. आम्ही काठावर बसून राहिलो. ऊन कलायच्या आत गेट पुन्हा होतं तसं बंद केलं आणि धुणं डोक्यावर घेऊन घरी आलो. संध्याकाळी गावच्या ओढ्यात पाणी बघून लोक नुसते उभे होते. कुणी कुणाला विचारलं नाही.

पण कळायचं ते कळलंच. खालच्या वाडीच्या बायका आल्या. "आमच्याकडंबी वाईच सोडा की, ताई." त्या दिवशी मला गावात पहिल्यांदा कुणीतरी ताई म्हटलं. नाही म्हणवलं नाही. मग त्यांच्या पुढच्या गावातल्या आल्या. प्रत्येक गावाची चारी वेगळी, गेट वेगळं. मी दिरांना सांगून आणखी चाव्या करून घेतल्या, प्रत्येक गावात एका भरवशाच्या बाईकडे एक. नियम सांगितले. गेट अर्ध्यापेक्षा वर उचलायचं नाही. वरच्या कुणाचं उभं पीक वाळेल असं करायचं नाही. खात्याच्या माणसाला हात लावायचा नाही. काम झालं की गेट जसं होतं तसं. आणि पाण्याच्या बदल्यात कुणाकडून काही घ्यायचं नाही.

उन्हाळा सरता सरता किती गावं झाली ते मलाच सांगता येईना. पुरुषही आले. पुण्याची रखवालदारी सोडून आलेले, कारखान्यातून कमी केलेले, नुसतीच हौस असलेले. गावात एक निवृत्त सुभेदार होते, त्यांना सगळे आबा म्हणायचे. ते एकदा येऊन ओट्यावर ताठ बसले आणि म्हणाले, "पोरी, दहा मानसांना तू तोंडानं हाकशील. शंभरांना सेक्शन लागतात, सेक्शन कमांडर लागतो. आता तुला सगळ्यांची तोंडं वळखता येत्यात का?"

येत नव्हती. त्यांनी आपण होऊन गावागावांतून माणसं नेमली, पहारे लावले, कालव्याची जीप निघाली की कुठल्या घरावर कुठलं लुगडं वाळत घालायचं ते ठरवलं. काम चोख होऊ लागलं. आणि माझ्याकडे जे यायचे ते आता चप्पल काढून ओट्याखाली उभे राहू लागले. दुपारी लिंबाखाली बसायला वेळ मिळेना. वेळ मिळाला तरी कुणी ना कुणी येऊन बसायचं, मग जाऊबाई उठून आत जायच्या. "तुजी मानसं आल्याती," म्हणायच्या. आधी आम्ही दोघी होतो. आता माझी माणसं आणि त्या.

त्याच दिवसांत सासूबाईंचं औषध आणायला मी सांगलीला निघाले होते. एसटीत शेजारी एक बाई येऊन बसली. पिशवीतली चिक्की काढून मला दिली. बोलता बोलता विचारलं, "तुमच्याकडं आलं का पानी?"

"आलं थोडं," मी म्हटलं.

"आमच्याकडं ताईंनी सोडलं. ताई ठावं न्हाई तुमाला? आवं, वाघीण हाय. बुलेटवरनं हिंडती. त्या पाटकऱ्याला गचांडी धरून कालव्यात टाकला तिनं."

"तुम्ही पाहिलंय त्यांना?"

"बघितलंय की! ही एवढी उंच. ताईंचा निरोप आला की आमी हातातली भाकरी टाकून जातो."

मी तिचं गाव विचारलं. तिने सांगितलं. त्या गावाला मी कधी निरोप धाडला नव्हता. तिथे चावी दिली नव्हती. सांगली येईपर्यंत ती मला माझ्याच गोष्टी सांगत राहिली आणि मी चिक्की हातात धरून ऐकत राहिले. उतरताना ती म्हणाली, "तुमीबी या की आमच्यात." मी हो म्हटलं. स्टँडवर गर्दीत उभी राहिले तेव्हा वाटलं, आता हे कुणाला सांगायचं? सहा महिन्यांपूर्वी घरी जाऊन जाऊबाईंना सांगितलं असतं आणि दोघी पोट धरून हसलो असतो.

नवऱ्याचा फोन आठवड्यातून एकदा यायचा, डोंगरावरच्या त्याच्या ठाण्यावर रेंज असेल तेव्हा. तिकडच्या बर्फाचं सांगायचा. मी इकडचं काही सांगत नसे. एकदा तोच म्हणाला, "तू तिकडं फौज उभी केलीस म्हनं."

"कोण म्हणालं?"

"आमच्या युनिटात पलीकडच्या गावचा एकजण हाय. तो म्हनतो, आमच्या ताई. मी त्याला सांगितलं न्हाई ती माझी बायको म्हनून." मग वाऱ्यापासून आडोशाला गेल्यासारखा त्याचा आवाज जवळ आला. "तू चुकतीस असं मी म्हनत न्हाई. पर केस झाली तर हितं मला काय इचारतील, त्याचा इचार कर." फोन तुटला. तुटला की ठेवला ते कळलं नाही.

मग वरच्या अंगाची एक चारी फुटली. आमच्यातल्याच कुणीतरी, माझ्या ओळखीच्या नसलेल्यांनी, गेट पूर्ण उचललं आणि तसंच सोडून निघून गेले. रात्रभर पाणी वाहिलं आणि एका शेतकऱ्याची नुकतीच लावलेली हळद वाहून गेली. मोठा बागाईतदार नव्हता तो. दोन घोट पाण्याचा धनी, आमच्यासारखाच. मला कळलं तशी मी गेले. तो चिखलात वाकून हळदीचे कोंब वेचत होता, बायको ते टोपलीत घालत होती. मी सांगितलं, मी कोण ते.

त्याने कंबर सरळ केली. शिव्या देईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "बाई, खात्यानं नुकसान केलं तर मी ऑफिसात जाऊन बोंबलतो. त्यो साहेब ऐकत न्हाई, पर बसायला खुर्ची हाय, मानूस हाय. तुमच्यातल्यांनी केलं तर मी कुठं जाऊ ते सांगा. तुमचं ऑफिस कुठं हाय?"

मी पदर खोचला आणि त्याच्या बायकोबरोबर कोंब वेचू लागले. तिने मला थांबवलं नाही, पण माझ्याशी बोललीही नाही. ऊन चढल्यावर तिने घरधन्याला भाकरी दिली, स्वतः घेतली आणि मला नुसतं पाणी दिलं. मी प्यायले आणि चालत परत आले.

त्यानंतर आबांनी देवळात बैठक बोलावली. आबा म्हणाले, शिस्त मोडली त्याला काढा, आणि यापुढे नवीन माणूस घ्यायचा तर दोघांनी ओळख द्यायला हवी. धाकटे दीर आता कुपवाडची नोकरी सोडून पूर्णवेळ याच कामात आले होते. ते उठून उभे राहिले.

"काढून कुणाकुणाला काढायचं? एवढ्या मानसांना भाकरी लागती, गाड्यांना पेट्रोल लागतंय. फुकट कोन किती दिस पळंल? वरचे ऊसवाले स्वतःहून इचारत्यात, आमच्या पान्याला हात लावू नका, काय पायजे ते बोला. घेऊ की त्यांच्याकडनं वर्गणी."

"मग त्यांच्या पाण्याला हात लागणार नाही," मी म्हटलं, "आणि पाणी घ्यायचं कुणाचं? हळदवाल्याचं?"

तेवढ्यात आबांनी आणखी एक गोष्ट काढली. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा माणूस त्यांना भेटून गेला होता. सगळी माणसं त्यांच्या झेंड्याखाली आली तर केस-बिस काही होणार नाही, असं म्हणत होता. आबांना ते पटलेलं दिसलं. "पोरी, फौजेलाबी वर कुनीतरी लागतंय," ते म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघत होते. मागे बायकांत जाऊबाई बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. पूर्वी आम्ही काही ठरवायचं तर एकमेकींकडे नुसतं बघितलं तरी पुरायचं. त्यांनी मान खाली घातली. रागाने नव्हे. त्यांना खरंच वाटत होतं की हे आता मोठ्या माणसांचं काम आहे आणि मी त्या मोठ्यांतली आहे. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मला वाटलं, माझ्याजवळ कुणीच बसलेलं नाही.

मी म्हटलं, "सगळ्या चाव्या माझ्याकडे आणून द्या. आधी किती आहेत ते कळू दे, मग बोलू."

चाव्या यायला लागल्या. परड्यात मी पोतं अंथरलं होतं, त्यावर लोक आणून ठेवायचे. मी करून घेतल्या त्याहून त्या कितीतरी जास्त निघाल्या. काही अजून काळ्या, न घासलेल्या. काहींना मूठसुद्धा नीट जोडलेली नव्हती. सगळ्या तर आल्याही नव्हत्या. धाकटे दीर शेवटी रिकाम्या हातांनी आले.

"भावजी, ह्या तुम्हीच केल्यात?"

"व्हय."

"मला न विचारता?"

ते पोत्याशेजारी उकिडवे बसले. "वैनी, चावी एक असती तर ती तुमच्यासंगं सपली असती. तुमाला धरलं असतं, झालं. आता धरून धरून कुनाला धरतील? तुमी लावलंय ते जगावं म्हनूनच केलं." आणि मग हळूच म्हणाले, "तुमाला ते जगवायचंय, का तुमच्या हाताखाली ठिवायचंय?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे, अजून करते. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे ती टोपली होती आणि माझ्याशी न बोललेली ती बाई. जे मला थांबवता येत नाही ते माझ्या नावाने चालू नये, एवढंच मला कळलं. मी तसं त्यांना सांगितलं. ते उठले. "मग नाव तुमचं ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी," म्हणाले आणि गेले. पुन्हा आमच्या ओट्यावर आले नाहीत.

मी एक टेम्पो केला, चाव्यांची पोती त्यात टाकली आणि कालव्याच्या ऑफिसात गेले. एकटीच. साहेब तरुण होते. चाव्यांचा ढीग बघून ते चक्रावले. मी म्हटलं, गेटं आम्ही उघडत होतो, मी उघडवत होते. तुम्ही टेलचं पाणी आधी सोडायला लागा, आम्हाला ह्या लागणार नाहीत.

त्यांनी एक चावी उचलून बघितली. "काम चांगलं आहे हो. पण बाई, ह्या आमच्या नाहीत. आमच्या नसलेल्या वस्तू मी जमा कशा करून घेऊ?" त्यांनी मला चहा पाजला. शेवटी शिपायाला सांगून पोती मागच्या शेडमध्ये टाकली. त्यांनाही काय करावं कळत नव्हतं, आणि मला त्यांची थोडी दयाच आली.

त्यानंतर गावात मी दोन्हीकडून गेले. ज्यांनी चाव्या दिल्या त्यांना वाटलं, आम्ही विश्वासाने दिल्या आणि हिने नेऊन सरकारात घातल्या. ज्यांनी दिल्या नव्हत्या त्यांना मी फितूर वाटले. कुणी वाईट बोललं नाही. ताई म्हणायचे, हात जोडायचे आणि वाट बदलायचे. आबा तेवढे येऊन गेले. "माघार घेणं लय अवघड ड्रिल हाय," म्हणाले. पण तेही पुढे दिरांच्याच बाजूला गेले, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही. माणसं तिकडे होती.

पोलिसांचं समन्स आलं. साहेबांच्या वरच्यांनी तक्रार द्यायला लावली होती. त्याच सुमारास वाईला वडील थकले, दुकान बघायला कुणी नव्हतं. ते निमित्त झालं. सासूबाई म्हणाल्या, "जा. हितं बसून कुडत ऱ्हाशील." जाऊबाईंनी डबा भरून दिला आणि बसपर्यंत आल्या. काहीतरी बोलतील म्हणून मी खिडकीशी वाकले. त्या म्हणाल्या, "डबा सरळ धर, कालवण सांडंल."

आता मी दुकानात असते. गंध, कापूर, वाती, जानवी. घाटावर येणारे भटजी मला लहानपणापासून ओळखतात. गावाकडची खबर नवऱ्याकडून कळते, तो रजेवर आला की. दिरांनी ऊसवाल्यांकडून वर्गणी घेतली, मग पुढाऱ्याच्या माणसाशी जुळवून घेतलं. आता त्यांची रीतसर संस्था आहे, बोर्ड आहे, दीर अध्यक्ष आहेत. आणि हेही सांगायला हवं, की आमच्या गावाला पाणी येतं. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, चोरी न करता. जे सभासद नाहीत त्यांना येत नाही. आमच्या गावापलीकडच्या वाड्या आता टेलच्या झाल्या आहेत.

खटला मात्र चालू राहिला. तारखेला मी वाईहून साताऱ्याला आणि तिथून सांगलीला जायचे. बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन परत. मग यंदा साक्षी झाल्या. वकिलांनी मला गप्प राहायला बजावलं होतं. सरकारी वकिलांनी गावची माणसं एकेक करून पिंजऱ्यात उभी केली. कुपवाडच्या वर्कशॉपचा मालक आला, त्याला काही आठवत नव्हतं. कालव्याच्या साहेबांकडे तर त्या चाव्यांची नोंदच नव्हती. शेवटी पाटकरी आला. केस पिकले होते त्याचे. ओट्यावर बसून बशीत चहा ओतून प्यायचा तो.

"ह्या बाईंना ओळखता का?"

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "न्हाई साहेब. डोईवर पदर घेतलेल्या बायका असायच्या. तोंड कुनाचंच दिसलं न्हाई."

जाऊबाईही साक्षीला होत्या. त्यांनी शपथ घेतली, सरकारी वकिलांनी विचारलं, आणि त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माझी जाऊ कवाच कालव्यावर गेली न्हाई. तिला नांगर कुठला आन कुळव कुठला ते ठावं न्हाई, गेट कुठनं उघडंल? दुपारची ती आन मी घरात असायचो."

सगळ्यांनी मला वाचवलं. मला ते कळत होतं. कुणी ठरवून दिलं नव्हतं, कुणी निरोप धाडला नव्हता, तरी एकजण चुकला नाही. आणि तिथे बसल्या बसल्या मी एकेका साक्षीबरोबर त्या कालव्यावरून पुसली जात होते. संध्याकाळपर्यंत तिथे मी कधी गेलेच नव्हते.

निकाल लागला, सुटले. बाहेर येईपर्यंत गावची जीप निघून गेली होती. लांबचा पल्ला आणि घरी गुरं, त्यांनाही थांबता आलं नसेल. मी रिक्षाने स्टँडवर आले. नवऱ्याला फोन लावला, लागला.

"सुटले," मी म्हटलं.

"बरं झालं." मग त्याने विचारलं, "कोन होतं संगं?"

"सगळे होते," मी म्हटलं.

साताऱ्याची गाडी लागली होती. खिडकीची जागा मिळाली.